दोन ओंजळी सुकं पीठ

आमच्या रोटीला दोन बायका लागतात आणि लोकांना एकच दिसते. जी दिसत नाही, ती मी.

लंबी रोटी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. पेटत्या चुलीवर मडकं पालथं घालतात. एक बाई ओल्या पिठाचा गोळा हातावर घेते, या हातावरून त्या हातावर झेलते, झेलता झेलता कोपरापर्यंत लांबवते आणि ओढणीसारखी पातळ झाली की मडक्यावर टाकते. बघता बघता रोटी होते. मटणाच्या रश्शात बुडवून खातात. पाहुणे हातातलं ताट विसरून बघत उभे राहतात. या बाईला आम्ही टाकणारी म्हणतो. तिच्या मागे कुठेतरी, पाण्याच्या ड्रमाजवळ नाहीतर भिंतीच्या सावलीत, परातीपुढे दुसरी बाई बसलेली असते. ती मळणारी. आमच्या जोडीत टाकणारी देवकाबाई आणि मळणारी मी, पंचफुला. बावीस वर्षं ही जोडी टिकली. एवढी तर पुष्कळांची लग्नं टिकत नाहीत.

या अंकाचे संपादक निवृत्त मास्तर आहेत. ते राजूरला माझ्या घरी आले आणि म्हणाले, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा. मी सातवी पास आहे, म्हटलं शुद्धलेखन तुम्ही बघा. त्यांनी फोटोही मागितला. माझ्याकडे एकच आहे. त्यात देवकाबाई आहे, तिच्या हातावर रोटी आहे आणि कडेला माझा कोपर आहे.

मास्तरांना वाटतं मी धंद्याविषयी लिहिते आहे. लिहिणारच आहे. पण या लेखाचं खरं काम वेगळं आहे. सहा वर्षांपूर्वी एक गोष्ट मी देवकाबाईपासून लपवली आणि त्यापायी तिचा धंदा सुटला. ती गोष्ट मला इथे सांगायची आहे. ती आल्याशिवाय लेख संपवायचा नाही, असं मी स्वतःलाच बजावून ठेवलं आहे.

लग्न होऊन मी राजूरला आले. यजमान खाणीत होते, पाळीवर जायचे. मी नळावर गोधड्या धुवायची. देवकाबाई मागच्या लायनीत राहायची, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. रोटीच्या कामात तिची नणंद मळायला असायची, तिचं लग्न होऊन ती चंद्रपूरकडे गेली होती. देवकाबाई नळावर उभी राहून माझं गोधडी आपटणं बघत होती. म्हणाली, जिला गोधडी आपटता येते तिला पीठ आपटता येते, उद्यापासून ये. मी तिला बाई म्हणायची. हाक मानाची, पण बोलणं अगं-तुगंचं, तसं आमच्यात चालतं.

पहिले आठ दिवस तिनं मला पिठाला हात लावू दिला नाही. स्वतः मळायची आणि मला पाठ करून बसवायची. फक्त ऐकायचं. मला वाटलं बाई जरा सटकलेली आहे. पण चौथ्या-पाचव्या दिवशी कळायला लागलं. कच्चं पीठ परातीत पडतं तेव्हा थप् असा बसका आवाज येतो. पीठ होत आलं की आवाज बदलतो, ओल्या कपड्यानं दगडावर फटका मारल्यासारखा खणखणीत येतो. पुढे मी मळायला लागले तेव्हा देवकाबाई दहा हातांवर चुलीपुढे बसून माझ्या परातीचा आवाज ऐकायची आणि न बघता सांगायची, अजून शंभर वेळा आपट.

आता मळण्याविषयी. लोकवन गहू ओलवून दळायचा आणि पीठ पातळ कापडातून गाळायचं. त्यात मीठ आणि पाणी, बाकी काही नाही. आधी तळहातानं रगडायचं. मग सगळा गोळा दोन्ही हातांनी उचलायचा, खांद्याएवढा वर न्यायचा आणि परातीत आपटायचा. पसरला की दुमडायचा, पुन्हा उचलायचा. मधून मधून चुळकाभर पाणी. पोळीच्या कणकेला आपण जोर लावतो. या पिठाला जोर लावायचा नाही, त्याला त्याच्याच वजनानं पडू द्यायचं. पडून पडून ते सैल होतं आणि जेवढं सैल होतं तेवढं चिवट होतं. याला तास-सव्वा तास लागतो. झालं हे कसं ओळखायचं, असं लोक विचारतात. कच्चं पीठ हाताला धरून राहतं. झालेलं पीठ हात सोडतं.

पहिल्यांदा मी स्वतः मळलं तेव्हा पीठ हाताला असं चिकटलं की बोटं सुटेनात. कोणतीही घरची बाई करते तेच मी केलं. डब्यातून मूठभर सुकं पीठ घेतलं आणि वर भुरभुरवलं. देवकाबाईनं बघितलं. अख्खा गोळा उचलला आणि शेजारच्यांच्या म्हशीला नेऊन घातला. मग माझ्यासमोर येऊन बसली.

“चिकटते तं चिकटू दे. पाणी जास्त झालं तं अजून तासभर आपट, येते ते ठिकाण्यावर. पण भिजल्या पिठात सुकं पीठ टाकायचं नाही. त्याची आत गाठ राह्यते. ते तुले दिसत नाही, मले दिसत नाही. हातावर लांबवली का बरोबर तिथंच फाटते.”

सगळ्या धंद्याचा हा एकच कायदा. एवढं कळलं तर मळणारी झालात.

मळणारीचं काम एकटीचं असतं. बोलता येत नाही, कारण दम लागतो आणि बोललं की आपटण्याची लय जाते. मान खाली. बावीस वर्षांत मी कितीतरी लग्नं ऐकली, पाहिली फार थोडी. नवरी कशी होती हे मला घरी जाताना देवकाबाई सांगायची. हातात बांगडी चालत नाही, काच फुटली तर सरळ लोकांच्या पोटात जाईल. म्हणून मी बांगड्या काढून पदराच्या गाठीत बांधायची. माझे मोकळे हात बघून काही घरच्या बायका मला विधवा समजायच्या आणि हळदी-कुंकवाचं ताट माझ्यापुढून तसंच पुढे न्यायच्या. माझे हात पिठात असायचे. पुढे यजमान खरोखरच गेले. तेव्हा बायका बांगड्या उतरवायला आल्या तर हात आधीच रिकामे होते, भर हंगामाचे दिवस होते.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. यवतमाळच्या एका जेवणावळवाल्यानं बेकरीतलं पीठ मळायचं यंत्र आणलं आणि मला म्हणाला, बाई, आता तुम्ही आराम करा. मी खुर्चीवर बसले, जन्मात पहिल्यांदा. यंत्रानं दहा मिनिटांत मळून दिलं. देवकाबाईनं गोळा हातावर घेतला आणि परत ठेवून दिला. ताप चढला आहे याला, म्हणाली. यंत्रानं पीठ गरम होतं आणि गरम पीठ लांबत नाही. मला खुर्चीवरून उठावं लागलं, पण त्या दिवशी परातीला हात लावताना मला जरा ऐट आली होती हे कबूल करते.

आणि एक तांड्यावरचं लग्न आठवतं. नवरदेवाची आजी होती, तिला सगळे याडी म्हणायचे, त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. म्हातारी पहिली रोटी घेऊन मांडव ओलांडून मागे माझ्याकडे आली आणि माझे हात भरलेले बघून स्वतः घास भरवला. मळणाऱ्या बाईनं आधी खावं, एवढंच म्हणाली. बावीस वर्षांत पहिली रोटी मला मिळाली ती त्या एका दिवशी. हे सांगते आहे कारण पुढचं समजायला ते लागेल.

पुढचं म्हणजे ते लग्न. वणीपासून फार लांब नाही. गावाचं नाव लिहीत नाही, जे होते त्यांना कळेल. त्याच्या आदल्या वर्षी कोणीतरी देवकाबाईचा व्हिडिओ काढला होता आणि तो मोबाइलवर फिरला होता. लोक तिला ओळखायला लागले होते. पोरी तिच्या शेजारी उभ्या राहून फोटो काढायच्या. देवकाबाईला त्याचं काही नव्हतं, ती रोटीकडे बघायची. मला मात्र होतं. मी मागे बसून स्वतःशी म्हणायची, नाचतो तो मोर आणि पायपीट करते ती कोंबडी. अशी काही म्हण नाही, ती मीच केली आहे. मनात जळत असलं की माणसाला म्हणी सुचतात.

भर वैशाख होता. मांडवात चुलीसाठी मुद्दाम ओटा केला होता, सगळ्यांना दिसावं म्हणून. मला जागा दिली मांडवाच्या पलीकडे, पाण्याच्या टँकरजवळ. डीजे असा वाजत होता की माझ्या परातीचा आवाज मलाच येत नव्हता, देवकाबाईला कुठून येणार. पहिल्या पंगतीचं पीठ छान झालं. लोक वाहवा करत उठले. दुसऱ्या पंगतीचा गोळा मी नुकताच भिजवला होता, तेव्हा डीजे थांबला आणि माइकवर आवाज आला की रोटीवाल्या बाईंचा सत्कार करायचा आहे.

मला वाटलं, दोघींना बोलावतील. खोटं कशाला बोलू, मला तसं अगदी खात्रीनं वाटलं. पीठ वाळू नये म्हणून त्यावर तांब्याभर पाणी ओतलं, ओलं फडकं झाकलं, हात धुतले, पदर नीट केला आणि मांडवाच्या कडेला जाऊन उभी राहिले. देवकाबाईला हिरवी साडी दिली. तिनं साडी घेता घेता माइकवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं, ते टँकरवाल्याचं होतं. मग आमदारांचं आगमन झालं. मी तिथे किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही.

परत आले तर परातीत चिखल झाला होता. ओतलेलं पाणी सगळं आत गेलं होतं. दुसरी पंगत बसली होती. हे पीठ ठिकाणावर यायला सव्वा तास आपटावं लागणार होतं आणि वेळ होता पंधरा मिनिटं. जाऊन सांगता आलं असतं की पीठ बिघडलं, पंगत थांबवा. देवकाबाईनं थांबवली असती, तिला कोणाची भीती नव्हती. पण मग ती विचारणार, तू कुठं होतीस. सत्काराची वाट बघत उभी होते, हे मला सांगायचं नव्हतं.

मी डब्यातून दोन ओंजळी सुकं पीठ घेतलं आणि टाकलं. वरवर मळलं. दिसायला गोळा छान झाला. परात उचलून नेऊन दिली.

पहिली रोटी तिच्या मनगटावर फाटली. ती हसली, पुन्हा गोळा घेतला. दुसरी कोपराजवळ फाटून अर्धी चुलीत पडली. तिसरी, चौथी. समोर दोनशे माणसं ताटं घेऊन बसलेली आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल. कोणीतरी हसलं, मग पुष्कळ जण हसले. नवरदेवाकडचा एक जण मोठ्यानं म्हणाला की बाई म्हातारी झाली, हिला आता घरी बसवा. देवकाबाई एकेक गोळा घेत राहिली. मी तिच्या मागे चार हातांवर उभी होते. शेवटी ढाब्यावरून तंदूर रोट्या आणल्या आणि पंगत उठली.

तिनं पिठाचा गोळा एकदाही फोडून बघितला नाही. बोटांनी चाचपला असता तर गाठ तिला लगेच लागली असती, माझ्याहून तिला जास्त कळायचं. पण माझ्या पिठावर तिचा इतका भरवसा होता की तिनं शंका घेतली ती स्वतःच्या हातांवर.

परतताना ऑटोत आम्ही दोघीच होतो. ती हात मांडीवर पालथे ठेवून बसली होती. वणीच्या अलीकडे म्हणाली, “फुले, माहे हात गेले वो.”

मी म्हटलं, बाई, ऊन फार होतं. एवढंच म्हटलं. खरं सांगायला तेवढा एक क्षण होता आणि त्यात मी उन्हाचं नाव घेतलं. थोड्या वेळानं तिनं पिशवीतून ती हिरवी साडी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. “मी त्याले सांगतलं होतं का दोघी हाओत म्हणून. त्यानं काही ऐकलं नाही. हे तू घे, माह्या हातायचा सत्कार कायचा आता.”

आणि मी ती घेतली.

दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात मडकी दिसली. आमची मडकी कायम पालथी असतात. तिनं ती सुलटी करून त्यांत चिमण्यांसाठी पाणी भरून ठेवलं होतं. मला वाटलं राग उतरेल. हंगाम गेला, दुसरा आला, तिनं एकही काम धरलं नाही. मग ती कळंबला लेकीकडे राहायला गेली.

मी दुसरी टाकणारी शोधली. दोघी-तिघी आल्या, जमलं नाही. मळणारी एकटी काही करू शकत नाही. लोक मला बोलवायचे आणि विचारायचे, ती बाई कुठे आहे? मुलगा पुण्याकडे कंपनीत आहे, तो म्हणतो आता बस झालं, घरी स्वस्थ राहा. मी स्वस्थ राहते. सकाळी दोन पोळ्या करते, त्यातली एक संध्याकाळी चहात बुडवून खाते.

एकदा रोटीची फार आठवण आली म्हणून एकटीपुरतं, दोन मुठी पीठ भिजवलं. तास झाला, दीड तास झाला, पीठ येईना. तेव्हा ध्यानात आलं की ते येणारच नाही. हे पीठ स्वतःच्या वजनानं पडतं तेव्हा होतं, आणि दोन मुठींना वजन कुठलं? कमीत कमी दहा माणसांचं लागतं. ज्या रोटीवर माझा जन्म गेला, ती एकट्या बाईला करून खाता येत नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. त्या दिवशी मी परातीपुढे बसून रडले.

मास्तर लेख मागायला आले ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी. फोटो छापायचा तर देवकाबाईला विचारायला हवं, असं निमित्त धरून मी कळंबला गेले. यवतमाळला गाडी बदलली. चतुर्थी होती, गाडी कळंबच्या गणपतीच्या भक्तांनी भरलेली होती आणि मी हिरवी साडी पोटाशी धरून बसले होते.

देवकाबाई ओसरीत तांदूळ निवडत होती. लेक कामाला गेली होती. मला बघून तिला आनंद झाला, बस म्हणाली, पाणी दिलं. मी मास्तरांच्या अंकाचं आणि फोटोचं सांगितलं. जेवायची वेळ होती. मी म्हटलं पोळ्या टाकू का, तर म्हणाली सकाळीच लेक करून जाते. मी नाही करत आता, हात नाहीत. हे ती इतक्या साधेपणानं बोलली, जसं कोणी सांगावं की घरात मीठ संपलं आहे.

मग मी सांगितलं. सत्कार, टँकर, पाणी, सगळं. ती तांदळातले खडे वेचत राहिली. मी थांबल्यावर तिनं एकच विचारलं.

“किती टाकलं सुकं पीठ?”

“दोन ओंजळी.”

तिनं सूप खाली ठेवलं. बाह्या वर सारून दोन्ही हात पुढे धरले आणि बघत राहिली, एकदा पालथे, एकदा उताणे. चांगले हात होते, कातडी सैल झालेली, पण थरथर नाही. “सहा वर्सं झाले,” म्हणाली. “नातू म्हणे, आजी एक रोटी टाकून दाखव. मी त्याले हाकलून देल्लं.”

मी तिच्या पायाला हात लावायला वाकले तर तिनं पाय मागे घेतले. साडी पुढे केली, तिकडे तिनं बघितलं नाही. 

“मले एकटीले काहून सांगून राह्यली तू?” ती म्हणाली. “मांडवात दोनशे माणसं हासले. त्यायले सांग.”

मी म्हटलं, ते आता कुठे सापडणार. ती म्हणाली, तो मास्तर पुस्तक छापते ना, त्याच्यात सांग. मग सूप उचलून आत गेली आणि आतूनच म्हणाली की यवतमाळची गाडी चुकेल तुझी. मी थोडा वेळ ओसरीत बसून राहिले, इथेही तिनं अंगणात मडकं सुलटं ठेवलं होतं, त्यात चिमणी पाणी पीत होती, मग उठले.

म्हणून हा लेख. मास्तरांनी धंद्याविषयी मागितला होता, त्यांनी मला माफ करावं. अंक निघाला की एक प्रत मी स्वतः कळंबला नेऊन देणार आहे. दोन किलो पीठ गाळून डब्यात भरून ठेवलं आहे, ते नेणार नाही. तिनं आण म्हटलं तरच नेईन. नाही म्हटलं तर त्या पिठाचं काय करायचं ते मला सुचलेलं नाही, एवढं पीठ एकटीला संपत नाही.

तर त्या दिवशी त्या मांडवात जे दुसऱ्या पंगतीला बसले होते, ज्यांनी मोबाइलमध्ये ते टिपलं, आणि ज्या पाहुण्यांनी बाईला घरी बसवा म्हटलं, त्या सगळ्यांना हात जोडून सांगते. देवकाबाईचे हात गेले नव्हते. पीठ मी बिघडवलं होतं. दोन ओंजळी सुकं पीठ टाकलं होतं, जाणूनबुजून, आणि तिच्या मागे चार हातांवर उभी राहून गप्प बसले होते.